गौळण बोलली

"गुडघे आत! नलवडे, गुडघे आत! घोड्यावर बसलाय का झोपाळ्यावर?"

आबासाहेब डुबलांचा आवाज अख्ख्या माळावर घुमला आणि बारा जोड्या शिकारी कुत्र्यांनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. कुत्र्यांनीसुद्धा! मी गुडघे आत घेतले तर टाचा बाहेर गेल्या, टाचा सावरल्या तर लगाम ढिला पडला, आणि माझ्याखालच्या पाखरी नावाच्या घोडीनं तेवढ्यात मान खाली घालून कुणाच्या तरी बांधावरचा हरभरा उपटायला सुरुवात केली.

"खाऊ द्या तिला," आबासाहेब म्हणाले. "आजच्या शिकारीचा तिला तरी काही फायदा होऊ दे."

मंडळी हसली. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि हिंगणगड संस्थानच्या तलावावर ओव्हरसियर होतो. सायकल मला उत्तम येत होती. घोड्याशी माझा संबंध टांग्यापुरता. तरी माघातल्या त्या गारठ्यात, दिवस उजाडायच्या आत, मी उसन्या बुटांत पाय कोंबून त्या माळावर उभा होतो, याचं कारण माझ्यापुढे वीस हातांवर राखी रंगाच्या घोड्यावर ताठ बसलेलं होतं. ते कारण म्हणजे सगुणा, आबासाहेबांची एकुलती एक लेक.

आमची ओळख भांडणातून झाली. तलावाचा कालवा मी आबासाहेबांच्या शिकारखान्याच्या कुरणातून आखला होता. ही बया घोड्यावरून थेट माझ्या तंबूसमोर आली आणि खाली न उतरताच म्हणाली, "कालवा वळवा. आमची कुत्री कुठं पळायची?" मी म्हटलं, "पाणी कुत्र्यांना विचारून वाहत नाही." ती म्हणाली, "मग तुम्ही कशाला आहात?" आठ दिवस मी कालवा वळवता येत नाही असं सांगत राहिलो आणि नवव्या दिवशी वळवला. पुढचं सांगायला नको.

माझे चुलते रीतसर विचारायला गेले. घराणं आबासाहेबांना पसंत पडलं, पगारही पडला. पण ते म्हणाले, "मुलगा घोड्यावर बसतो का?" चुलत्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, नाही. तेव्हा आबासाहेबांनी अट घातली. एक दिवस शिकारीला यायचं. कुत्र्यांमागून शेवटपर्यंत घोड्यावर टिकून दाखवायचं. ते नसेल जमत, तर हरवलेला कोल्हा हुडकून आरोळी द्यायची. दोन्हीतलं एक जमलं तर लग्नाची बोलणी, नाहीतर तलाव बांधा आणि आपल्या गावी जा.

ही आरोळी म्हणजे काय ते सांगतो. कुत्री कोल्ह्याचा वास धरून पळतात. मधेच वास तुटतो, मग सगळं ठप्प होतं. अशा वेळी ज्याला कोल्हा प्रत्यक्ष नजरेला पडेल त्यानं टोपी उंच धरून जोरात ओरडायचं, की कुत्र्यांवरचा जमादार कुत्री तिकडं वळवतो. त्या आरोळीला आबासाहेबांच्या शिकारीत फार मान होता. डोळे शाबूत असले की झालं, घोड्यावर टिकणं वगैरे लागत नाही, म्हणून माझी सगळी भिस्त त्या आरोळीवर होती. आदल्या दिवशी तलावाच्या भिंतीवर जाऊन मी ओरडायचा सरावसुद्धा केला होता. गवंडी धावत आले होते.

करंजाच्या बनाकडे निघालो तेव्हा सगुणानं घोडं माझ्या बाजूला घेतलं.

"झोप झाली का?"

"झाली की," मी म्हणालो. कुठली झोप!

"नीट ऐका. पुढं ती तांबूस ठिपक्यांची कुत्री दिसतीय ना? ती गौळण."

गौळण कोण हे हिंगणगडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वास लागला की कुत्रं भुंकतं, त्याला आबासाहेबांच्या घरात 'बोलणं' म्हणत, आणि गौळण बोलली की बाकीची सगळी कुत्री डोळे मिटून तिच्यामागं जात. आवाज काय गोड होता तिचा! लांबून कुणी गातंय असं वाटावं. जन्मली तेव्हा तिची आई मेली, म्हणून सगुणानं तिला दुधात भिजवलेल्या फडक्यावर वाढवलं होतं.

"तिचं नाक गेलंय," सगुणा हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे वास येत नाही तिला. दोन वर्षं झाली. कोल्हे कुठून कुठं पळतात ते तिला पाठ आहे, त्या आठवणीवर बोलते. बहुतेक वेळा बरोबर निघतं. मला माहीत आहे, दादू जमादाराला माहीत आहे. आबांना माहीत नाही." तिनं पुढं आबासाहेबांकडं एकदा पाहिलं. "आबांचा नियम ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होता. खोटं बोलणारं कुत्रं आबासाहेब ठेवत नसत. वास नसताना जे बोलेल ते सगळ्या कळपाला बिघडवतं, म्हणून त्याला त्याच दिवशी, त्याच माळावर गोळी. आणि गोळी आबासाहेब स्वतः घालणार, दुसऱ्याला सांगणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मामासाहेबांचा लाडका रुस्तुम असाच मारला होता. हे मामासाहेब म्हणजे सगुणाचे सख्खे मामा, बाळोजी. तेव्हापासून ते प्रत्येक शिकारीला हजर असत, आणि कोल्ह्यापेक्षा त्यांचं लक्ष गौळणवर जास्त असे.

"आबांना कळलं तर ते तिला मारतील," सगुणा म्हणाली, "आणि मग महिनाभर जेवायचे नाहीत. मला दोघंही हवेत हो."

"मग मी काय करू?"

"काही नको. तुम्ही फक्त पडू नका," असं म्हणून ती टाच मारून पुढं गेलीसुद्धा.

बनात कुत्री शिरली. आम्ही बाहेर वाट बघत उभे. मामासाहेब मिशीला पीळ देत आबासाहेबांना म्हणाले, "दाजी, बाई म्हातारी झाली तुमची. पेन्शन द्या आता."

"अजून तुमच्यापेक्षा बरी पळते," आबासाहेब म्हणाले.

एवढ्यात बनातून कोल्हा निघाला. सगळ्यांनी पाहिला, कारण तो न दिसण्यासारखा नव्हताच. अंगानं पांढुरका, जवळजवळ राखेच्या रंगाचा. असा त्या टापूत एकच होता, आणि लोक त्याला म्हातारा म्हणत. तीन वर्षं तो शिकारीला चकवत होता. तो आमच्यासमोरून उडी मारून माळाला लागला, मागून कुत्री धो धो करत बाहेर पडली, दादूनं कर्णा फुंकला आणि सगळे घोडे उधळले.

पाखरीही उधळली. पुढचा काही वेळ मी डोळे मिटून होतो, त्यामुळे वर्णन करू शकत नाही. आयाळ दोन्ही हातांनी धरली होती एवढं आठवतं, आणि कुलदैवताला काय काय कबूल केलं तेही आठवतं. डोळे उघडले तेव्हा घोडी थांबली होती, सगळेच थांबले होते, आणि आश्चर्य म्हणजे मी अजून वरच होतो!

"वा, नलवडे!" आबासाहेब म्हणाले. मला मूठभर मांस चढलं.

थांबायचं कारण म्हणजे समोरून एका धनगराची मेंढरं आडवी गेली होती. शे-दोनशे मेंढरांच्या खुरांखाली कोल्ह्याचा वास पार मोडला होता. कुत्री नाकं जमिनीला लावून गोल गोल फिरत होती, पण बोलत एकही नव्हतं. दादू जमादार तोंडानं हलकेच चुचकारत त्यांच्यामागं चालत होता. कुणी खोकत नव्हतं की घोडं हलवत नव्हतं.

आणि गौळण बोलली.

उत्तरेला, टेकडीकडं तोंड करून तिनं तो लांब, गोड सूर काढला आणि निघाली. बाकीची कुत्री क्षणभर घुटमळली, पण गौळणवर अविश्वास दाखवायची त्यांना सवयच नव्हती. सगळी तिच्यामागं गेली. मी सगुणाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मामासाहेब खोगिरात उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चला बघू, आज बाई कुठं नेतात ते!"

मधे एक ओढा होता. पाखरीनं तो ओलांडला. मी नाही ओलांडला.

ओढ्यात पाणी फारसं नव्हतं, चिखल मात्र भरपूर होता. मी उठून बसेपर्यंत टापांचे आवाज दूर गेले होते. पाखरी पलीकडच्या काठावर निवांत चरत होती. शेवटपर्यंत घोड्यावर टिकायची अट तर संपली. कमरेतून कळ येत होती, तोंडात चिखल होता, आणि मला खरोखर रडू येत होतं. सव्वीस वर्षांचा घोडा मी, पण रडू येत होतं. सगुणा माझी होणार नाही हे तिथं चिखलात बसल्या बसल्या मला स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात मेंढरं गेली होती त्या बाजूच्या बाभळीतून तो निघाला.

म्हातारा! तोच पांढुरका कोल्हा. मेंढरांच्या घोळक्यातून तो उलटा दक्षिणेला फिरला होता, आणि सगळी शिकार उत्तरेला गेली होती. दहा पावलांवर येऊन तो थांबला, जीभ बाहेर, छातीचा भाता चाललेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यात काही दम नाही असं ठरवून सावकाश चालायला लागला.

मी ताडकन उभा राहिलो. टोपी हातात आली. छातीत हवा भरून घेतली. अहो, देवानंच पाठवला होता तो! एक आरोळी, की दादू कुत्री वळवणार, सगळी मंडळी माघारी येणार, म्हातारा दिसणार, आणि आबासाहेब सगळ्यांदेखत मला जावई म्हणणार. टोपी डोक्याच्या वर गेली होती माझी.

आणि मग कळलं की पुढं काय होणार. म्हातारा इथं आहे, म्हणजे टेकडीकडं कुणीच नाही. म्हणजे गौळण खोटं बोलली. सगळ्यांसमोर. मामासाहेबांसमोर.

मला कुत्र्यांचं प्रेम होतं अशातला भाग नाही. लहानपणी एकदा चावलं होतं मला. पण "मला दोघंही हवेत हो" हे शब्द कानातून जाईनात. मी मनातल्या मनात सगुणाशीच भांडलो. म्हटलं, बाई, दोघंही हवेत, मग माझं काय? मी तिसरा कुठं बसू? कोल्हा जात होता. मी ओरडलो नाही. तो जोंधळ्याच्या धसकटांतून पलीकडे गेला, दिसेनासा झाला, तरी मी टोपी वर धरून येड्यासारखा उभाच होतो.

पाखरीला धरून मी रडतखडत टेकडीपाशी पोचलो. तिथं दगडांच्या कपारीसमोर सगळे जमले होते. दादू जमादार पोटावर पडून एका भोकात काठी घालत होता.

"आत शिरलाय," तो म्हणाला. "लई खोल हाय. न्हाय निघायचा."

"आत आहे?" मामासाहेब म्हणाले. "मग एकही कुत्रं माती का उकरत नाही रे? बघ की, सगळी बसलीत जांभया देत!"

दादू काठीच हलवत राहिला. सगुणा घोड्यावरून उतरून गौळणजवळ उभी होती, हात तिच्या मानेवर. एवढ्यात मागून टापा वाजल्या. नेहमी सगळ्यांच्या पुढं असणारे आबासाहेब त्या दिवशी माझ्याही मागून येत होते.

"नाल सैल झाला होता," ते म्हणाले. "काय आहे?"

"तुमची बाई खोटं बोलली, दाजी," मामासाहेब म्हणाले. "माझ्या रुस्तुमला जो नियम, तोच हिला."

आबासाहेबांच्या खोगिराला पिस्तूल असे. त्यांचा हात त्याच्यावर गेला नाही, पण सगळ्यांची नजर गेली. दादू पडल्या पडल्याच म्हणाला, "आत हाय." आबासाहेब म्हणाले, "दादू म्हणतो कोल्हा आत आहे."

"दादू तुमचं मीठ खातो. परक्याला विचारू." मामासाहेब माझ्याकडे वळले. "काय ओव्हरसियर? तुम्ही मागं राहिला होता. तुम्हाला दिसला असेल की कोल्हा. म्हातारा मागं फिरला असेल तर तुमच्याच समोरून गेला. दिसला असेल तर सांगा, आरोळी उशिरा का होईना, धरू आम्ही. मीच शब्द टाकतो दाजींकडं तुमच्यासाठी."

त्यांनी जणू ताट वाढून पुढं ठेवलं होतं. सगुणा माझ्याकडे बघत नव्हती. ती गौळणच्या कानामागं खाजवत होती.

"मला काय दिसणार, मामासाहेब?" मी म्हणालो. "मी ओढ्यात तोंडावर पडलो होतो. उठलो तर डोळ्यांत चिखल. हे बघा, कानातून अजून निघतोय."

आणि मी खरोखरच कानात बोट घालून चिखल काढून दाखवला. काय हसले लोक! मामासाहेबसुद्धा नाइलाजानं हसले. आबासाहेब तेवढे हसले नाहीत. "मोडा शिकार," एवढंच म्हणाले आणि घोडं वळवलं.

परतीच्या वाटेवर सगुणा गौळणला बाजूला घेऊन पुढं चालली होती. मी सगळ्यांच्या मागं. दोन्ही अटी हरलो होतो, आणि वर सगळ्या पंचक्रोशीला आठवडाभर पुरेल एवढा विनोद करून ठेवला होता. तंबू कधी आवरायचा याचा मी विचार करत होतो.

दिवस कलला तेव्हा आबासाहेबांचं बोलावणं आलं, शिकारखान्यात. मला वाटलं, नकार सांगायला माणूस पाठवण्यापेक्षा स्वतः सांगतायत, सभ्य माणूस आहे. मी गेलो. कुत्र्यांची बाजरीच्या कण्यांची खीर वाढून झाली होती. आबासाहेब गौळणपुढं जमिनीवर बसले होते. त्यांच्या हातात मटणाचा तुकडा होता. तो त्यांनी तिच्या नाकापुढं धरला. गौळण शेपूट हलवत त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. नाकापुढच्या मटणाचा तिला पत्ता नव्हता. त्यांनी तुकडा तिच्या ओठांना लावला, तेव्हा कुठं तिनं तो घेतला. मग दुसरा, पुन्हा ओठांना लावून. हे काही पहिल्यांदा चाललं नव्हतं हे बघणाऱ्याला कळत होतं.

"बसा," ते म्हणाले. मी खाली बसलो.

"आज कोल्हा दिसला होता?"

"नाही, आबासाहेब."

"खोटं बोलणाऱ्याला माझ्याकडं काय मिळतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग पुन्हा विचारतो. दिसला होता?"

पण एकदा धरलं ते धरलं. "नाही," मी म्हणालो.

आबासाहेबांनी गौळणच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी बाभळीपलीकडच्या उंचवट्यावर होतो," ते म्हणाले. "नाल बील काही सैल झाला नव्हता. ही टेकडीकडं निघाली तेव्हाच मला कळलं, हिचं चुकलं. मी माघारी फिरलो. म्हातारा तुमच्यासमोर थांबला तो मी बघितला. तुमची टोपी वर गेली तीही बघितली. मनात म्हटलं, आता हा ओरडणार, आणि मला पिस्तूल काढावं लागणार. दुसऱ्याचं कुत्रं मारलेला माणूस मी, माझं कसं सोडू? आयुष्यात कुणाच्या गप्प बसण्यासाठी देवाला हात जोडले नव्हते, नलवडे. आज जोडले."

माझे डोळे भरून आले, त्यांचेही आले असावेत, कारण त्यांनी मिशी पुसली.

"रुस्तुमचं पाप माझ्या डोक्यावर आहेच," ते म्हणाले. "ते बाळोजीला एक दिवस सांगीन, पाय धरून सांगीन. पण ही मेल्यावर."

"आणि अट, आबासाहेब?"

"घोड्यावर बसायला शिकवता येतं," ते म्हणाले. "दादू शिकवेल. वैशाखातला मुहूर्त बघायला सांगतो तुमच्या चुलत्यांना." मग एकदम माझा दंड धरला. "पण एक गोष्ट. सगूला यातलं काही सांगायचं नाही. तिला वाटतं, मला हिचं काही माहीत नाही. दोन वर्षं पोर ह्या कुत्रीला आणि मला दोघांनाही सांभाळतीय. सांभाळू दे तिला. तेवढं बरं वाटतं मला."

मी शब्द दिला.

बाहेर आलो तर सगुणा दाराशीच उभी. दिवसभराची धूळ अजून तिच्या केसांवर होती, आणि डोळे रडून सुजले होते.

"काय म्हणाले आबा?"

"वैशाखात मुहूर्त बघा म्हणाले."

तिचा विश्वासच बसेना. "असं कसं? तुम्ही तर पडलात!"

"पडलो. पण चांगला पडलो म्हणाले."

ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मग अगदी जवळ येऊन, दाराकडं चोरून बघत, तिनं विचारलं, "आणि गौळणचं? आबांना संशय तर नाही ना आला?"

"छे!" मी म्हणालो. "अजिबात नाही."

"देव पावला," म्हणून तिनं भिंतीला पाठ टेकली.

याला आता पन्नास वर्षं होतील. गौळण त्यानंतर दीड वर्ष जगली, आबासाहेब बरेच. अजूनही नातवंडं जमली की सगुणा ही शिकार रंगवून सांगते, माझ्या कानातल्या चिखलासकट. आणि शेवटी दरवेळी पदरानं डोळे टिपून म्हणते, "माझ्या आबांना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही हो. नाही का?"

"नाही कळलं," मी म्हणतो.